जागराचा आवाज : पारंपरिक लोकगायनातील कंठपद्धती आणि साथ

श्रीदर्शनास येणारे बहुसंख्य भाविक नवरात्रातील जागर, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईकडे निघणारी यात्रा, एकादशीचे भजन अथवा घरच्या लग्नकार्यातील हळद अशा कोणत्या ना कोणत्या निमित्ताने पारंपरिक गायन ऐकतात. अनेकजण स्वतः त्यात आवाजही मिसळतात. या गाण्यांचे शब्द, त्यांतील देवतांच्या कथा व विधींचे अर्थ यांविषयी बरेच लेखन उपलब्ध आहे. परंतु ज्या आवाजात ही गाणी म्हटली जातात, त्या आवाजाविषयी सहसा कोणी लिहीत नाही. ‘गळा उपजत असतो, लोकगीताला शिक्षण कसले?’ असा एक समज त्यामागे असावा.

हा समज बरोबर नाही. लोकगायनातील आवाज घडविलेला असतो. तो घडविणाऱ्या गोष्टी तीन : गाण्याची जागा, गाण्याचा शब्द आणि गाण्याची साथ. यांपैकी तिसरी गोष्ट, म्हणजे मुख्य गायकाच्या मागून ओळ उचलणारा साथीचा आवाज, हीच या विद्येची शाळा होय. ही शाळा आज आपल्या डोळ्यांदेखत रिकामी होत आहे. म्हणून भाविकांना हा विषय मुळापासून समजावा, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

धवला आणि धवलारीण

खारदांडा हा वांद्रे व जुहू यांच्या दरम्यान समुद्रकाठी वसलेला जुना कोळीवाडा आहे. मुंबई, ठाणे व रायगड या पट्ट्यातील कोळी आणि आगरी समाजांत लग्नप्रसंगी ‘धवला’ गाण्याची परंपरा आहे. धवला जाणणारी व गाणारी वडीलधारी स्त्री म्हणजे धवलारीण. मांडव, देवक, हळद अशा प्रत्येक विधीचे गाणे तिला मुखोद्गत असते. विधीचा क्रमही तिच्याच ध्यानात असतो, त्यामुळे तिच्या गाण्यावरून पुढे काय करावयाचे ते घरच्यांना कळते. तिच्याजवळ पोथी नसते, तिचा कंठ हीच पोथी असते.

‘धवल’ हे नाव फार जुने आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात धवल व ओवी यांची गीतप्रकारांत गणना केली आहे. त्याच शतकात महानुभाव पंथातील महदंबेने रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचा उल्लेख केला जातो. त्याहीपूर्वी, बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओव्या गातात, असा निर्देश आहे. तात्पर्य, काम करता करता आणि मंगलकार्यात गाणाऱ्या स्त्रीकंठाची नोंद आपल्याकडे आठशे वर्षांहून जुनी आहे.

धवला कसा गातात हे बारकाईने ऐकण्यासारखे आहे. त्यास वाद्याची साथ नसते. लय संथ असते. चाल चार-पाच स्वरांच्या आत फिरते. ओळीच्या शेवटचा स्वर लांबविला जातो, आणि तो पुरता विरण्यापूर्वीच शेजारी बसलेली दुसरी स्त्री तीच ओळ उचलते. ती म्हणत असताना पहिली श्वास घेते व पुढची ओळ आठवते. ऐकणाऱ्यास मात्र आवाज कोठेही तुटल्याचे जाणवत नाही.

वरवर पाहता हे गाणे एकसुरी वाटते. परंतु विधी कित्येक तास चालावयाचा, गाणाऱ्या स्त्रिया वयस्क, आणि प्रत्येक शब्द नवरी-नवऱ्याच्या कानी पडावयाचा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची योजना उलगडते. थोड्या स्वरांत फिरणाऱ्या चालीमुळे गळ्यावर ताण येत नाही. संथ लयीमुळे शब्द स्पष्ट राहतो. आळीपाळीने म्हटल्याने प्रत्येकीस निम्मा वेळ विसावा मिळतो. यांपैकी एकही गोष्ट योगायोगाने आलेली नाही.

खड्या आवाजाची घडण

आवाज निर्माण होताना फुप्फुसांतील हवा वर येते, स्वरयंत्रातील स्वरतंतू कंप पावतात, आणि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत त्या कंपनास घुमारा प्राप्त होतो. साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदास सुमारे 100 ते 130 वेळा व स्त्रीचे सुमारे 200 वेळा कंप पावतात. उंच स्वरात गाताना ही संख्या दुपटीवर जाते. अशा वेळी केवळ घशाच्या जोरावर आवाज काढला तर तो लवकर बसतो. पोटापासून घेतलेल्या श्वासाच्या आधाराने काढला तर टिकतो. यालाच जुने गवई ‘दमसास’ म्हणतात.

शाहीर, गोंधळी व भजनी बुवा यांच्या आवाजास आपण ‘खडा’ अथवा ‘पल्लेदार’ म्हणतो. खडा आवाज म्हणजे मोठा आवाज नव्हे. त्यात धार असते. मुख्य स्वराबरोबर उमटणारे त्याचे वरचे अंशस्वर बलवान असले की ही धार येते. मनुष्याचा कान सेकंदास साधारण 2000 ते 5000 कंपनांच्या टापूत सर्वाधिक तीक्ष्ण असतो. ज्या आवाजात या टापूतील अंशस्वर भरपूर, तो कमी श्रमात दूरवर ऐकू जातो. स्वीडनमधील संशोधक योहान सुंडबर्ग यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले की, पाश्चात्त्य संगीतनाटकांतील गायकांच्या आवाजात 3000 कंपनांच्या आसपास विशेष जोर असतो. त्यामुळे मोठ्या वाद्यवृंदापुढेही त्यांचा आवाज झाकला जात नाही.

आपल्या शाहिराची रीत निराळी आहे. ती हाक मारण्याच्या जवळची आहे. पैलतीरावरील माणसास हाक घालताना आपण तोंड मोकळे उघडतो, स्वर किंचित उंच धरतो, शेवटचा स्वर लांबवितो आणि शब्द पुढे फेकतो. शाहिराच्या गायनातही हेच दिसते. म्हणूनच मराठीत आवाजाची ‘फेक’ हा शब्द रूढ झाला. ख्यालगायकाचा आकार गोल व आतल्या बाजूस घुमणारा असतो, तर शाहिराचा आकार ओठांच्या पुढे निघालेला असतो. दोन्हींचे काम वेगळे असल्याने एकाच्या मापाने दुसऱ्यास मोजणे योग्य नव्हे. डॉ. अशोक दा. रानडे (1937–2011) यांनी ‘लोकसंगीतशास्त्र’ हा ग्रंथ लिहून लोकसंगीतास स्वतःचे शास्त्र असल्याची भूमिका मराठीत मांडली, तिचा मथितार्थ भाविकांनीही जाणावा असा आहे.

जागा, वारा आणि रात्र

लोकगायन बहुधा उघड्यावर होते. उघड्या जागी गायकापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. भिंती व छप्पर नसल्याने परत फिरून येणारा ध्वनीही मिळत नाही. सभामंडपात हलक्या आवाजात चालणारे भजन अंगणात फिके पडते, त्याचे कारण हे.

समुद्रकाठच्या वस्तीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी जमिनीकडे वळतो व दूरवर ऐकू येतो. वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा ध्वनी वर उचलला जातो, आणि समोर बसलेल्यासही कमी ऐकू येतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला असताना समुद्राकडे पाठ करून गाणे सोयीचे असते. वारा आवाज वस्तीकडे घेऊन जातो आणि घशात थेट शिरत नाही. रात्री जमीन निवली व वारा पडला की जमिनीलगतची थंड हवा ध्वनीस वर निसटू देत नाही. त्यामुळे मध्यरात्रीचा जागर दूरच्या आळीतही ऐकू येतो. रात्री गायकास दिवसाइतका जोर लावण्याची गरज नसते, हे जाणते गोंधळी अनुभवाने ओळखतात.

याउलट दगडी मंदिरात ध्वनी घुमतो व एक शब्द दुसऱ्यावर चढतो. तेथे लय थोडी उतरवावी, ओळींमध्ये श्वासापुरती जागा सोडावी आणि आवाज चढविण्याऐवजी शब्द स्पष्ट उच्चारावा. एकच अभंग दिंडीत, गाभाऱ्यासमोर व घरच्या ओटीवर तीन रीतींनी म्हणावा लागतो. हे जाणणारा बुवा खरा अनुभवी होय.

शब्द आणि बोली

लोकगीतात शब्दास पहिला मान असतो. कथा कळली नाही तर आख्यान वाया जाते, आणि विधीचा शब्द ऐकू आला नाही तर विधीचा क्रम चुकतो. म्हणून तानांचा विस्तार नसतो. स्वरांची वळणे असतात, पण ती शब्दाच्या शेवटी, अर्थ पोहोचल्यानंतर येतात.

कोळी बोलीचा येथे मोठा वाटा आहे. या बोलीत ‘ळ’ च्या जागी बहुधा ‘ल’ व ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो. पुष्कळ शब्दांतील ‘ड’ चा उच्चार ‘र’ कडे झुकतो. त्यामुळे जीभ मागे वळवून टाळूस लावण्याचे प्रसंग कमी येतात आणि स्वर अडखळत नाही. बोलीस स्वतःचा हेलही आहे. वाक्याच्या अखेरीस स्वर लांबविण्याची जी सवय नित्याच्या बोलण्यात आहे, तीच धवल्यात ओळीच्या अखेरीस सुरात उतरते.

अलीकडे काही तरुण मंडळी ही गाणी ‘शुद्ध’ करून, म्हणजे पुस्तकी उच्चारात म्हणू पाहतात. हेतू चांगला असला तरी त्यामुळे शब्दांची लांबी व जोर बदलतो, आणि चाल ओळीत नीट बसत नाही. मग चालीलाच दोष दिला जातो. कोळीवाड्याचे गाणे कोळीवाड्याच्या उच्चारातच म्हणावे. त्यात कमीपणा कोणताही नाही.

साथ हीच शाळा

महाराष्ट्रातील बहुतेक लोकगायनप्रकारांत गाणारा एकटा नसतो. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात. शाहीर ओळ टाकतो, ते तिचा शेवट उचलून धरतात, आणि तेवढ्यात शाहीर श्वास घेऊन पुढच्या ओळीची तयारी करतो. डफ व तुणतुणे लय आणि आधारस्वर सांभाळतात. गोंधळात संबळ व तुणतुण्याच्या साथीने मुख्य गोंधळी गातो, आणि मध्येच गाणे थांबवून निरूपण करतो. साथीदार प्रश्न विचारतो, तो उत्तर देतो, श्रोते हसतात. या गद्य भागामुळे कथा पुढे सरकते, तसेच रात्रभर गावयाच्या गळ्यास विश्रांतीही मिळते.

वारकरी भजनात विणेकऱ्याच्या दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या ओळी समोरासमोर उभ्या असतात. एका बाजूने चरण म्हटला की दुसरी बाजू तो उचलते. पखवाजाच्या बोलावर लय हळूहळू वाढते व स्वर टिपेला पोहोचतो. शे-दोनशे माणसे तासन्‌तास उंच स्वरात गातात, तरी सर्वांचे घसे बसत नाहीत. प्रत्येक बाजू अर्धा वेळ ऐकत असते, हे त्याचे एक कारण होय.

समुद्रावरील कामातही हीच रीत होती. होडी ओढताना वा जाळे खेचताना एकाने हाळी द्यावयाची व सर्वांनी एका दमात उत्तर देऊन एकदम जोर लावावयाचा. श्वास सोडणे व अंगाचा जोर यांचा मेळ या हाळीने साधला जाई. यांत्रिक नौका आल्या आणि या हाळीची गरज कमी झाली. पण दणकट श्वास, एकदम उचललेला शब्द आणि सहा मात्रांचा झुलता ठेका यांची जोडी कोळीगीतांत आजही ओळखू येते.

जगभरच्या लोकगायनाचा तौलनिक अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक ॲलन लोमॅक्स यांनी 1968 मध्ये आपली मांडणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. गायनशैली पारखण्यासाठी त्यांनी 37 निकष वापरले. त्यांत गायकाच्या आवाजाचा पोत होताच. शिवाय गाणाऱ्यांचे परस्परांशी नाते, कोण पुढे गातो, कोण मागून, आणि आवाज कितपत एकजीव होतात, यांसही महत्त्वाचे स्थान होते. आपल्याकडील झीलकरी, टाळकरी व धवलारणीची जोडीदारीण हे सर्व या नात्याचेच प्रकार आहेत.

येथे मुख्य मुद्दा ध्यानात घ्यावा. मागून ओळ उचलणारी व्यक्ती केवळ मदतनीस नसते. तीच विद्यार्थी असते. आधीची ओळ कानात ताजी असतानाच तिला ती जशीच्या तशी म्हणावी लागते. स्वर कोठे लांबविला, श्वास कोठे घेतला, शब्द कोठे तोडला, हे सर्व ती त्याच क्षणी उचलते. चुकली तर पुढची ओळ तिला दुरुस्त करते. कोणी रागवत नाही, कोणी समजावून सांगत नाही. अशी काही लग्ने, काही जागर झाले की एके दिवशी पुढची ओळ तीच टाकू लागते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोकगायक असेच तयार झाले.

ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रण आणि रिकामी जागा

ध्वनिक्षेपकाने हलका आवाज दूरवर पोहोचविण्याची सोय केली, ही मोठी गोष्ट होय. वृद्ध कीर्तनकारांस त्याचा आधार झाला. ध्वनिमुद्रिकांनी कोळीगीते घरोघर नेली. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली व लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायिलेली कोळीगीते आजही आवडीने ऐकली जातात. परंतु ते मायक्रोफोनपुढचे गायन आहे. तेथे कुजबुजीइतका कोमल स्वरही टिपला जातो. ज्या मुलाने कोळीगीत केवळ याच रूपात ऐकले, तो अंगणातही तसाच गाऊ पाहतो. आवाज पोहोचत नाही म्हणून मग तो ओरडतो, आणि तासाभरात त्याचा घसा बसतो. लोकशाहीर विठ्ठल उमप (1931–2010) यांच्यासारखे कलावंत मुद्रणकक्षात व उघड्या मैदानात दोन्हीकडे प्रभावी ठरले. आवाज जागेनुसार बदलावा लागतो, ही जाण त्यामागे होती.

खरी हानी अन्यत्र होते. हळदीच्या वा जागराच्या रात्री मोठ्या ध्वनियंत्रणेवर मुद्रित गाणी लावली म्हणजे समारंभ जोरात होतो. पण त्या गाण्यात मागून ओळ उचलण्यास जागाच नसते. पुढची ओळ कोणासाठी थांबत नाही. धवलारीण कोपऱ्यात बसून राहते, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो, हे लोंबार या फ्रेंच वैद्यांनी 1911 मध्येच नोंदविले आहे. वृद्ध स्त्रीने अशा गोंगाटात धवला म्हणू पाहिला तर तिचा गळा दोन ओळींतच थकतो, आणि ‘आजीला आता जमत नाही’ असे सर्वजण म्हणतात. वास्तविक तिला जमते. तिच्या गाण्यास लागणारी शांतताच उरलेली नसते.

शब्द लिहून ठेवले तर भागेल, असे काहींना वाटते. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत लोकगीतांचे मोठे धन पुस्तकरूपाने जतन केले, त्याचे ऋण मानावे तितके थोडे आहे. पुढे हेमा राईरकर व गी पॉत्वँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले आणि 2017 पासून त्या जनतेसाठी क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. या कामामुळे शब्द राहिले, काही आवाजही राहिले. मात्र पिठाची गिरणी आल्यावर जात्यावर समोरासमोर बसून ओवी उचलण्याचा प्रसंगच संपला होता. मुद्रणातून आवाज ऐकता येतो, पण मुद्रण आपली ओळ ऐकून घेत नाही व सुधारूनही देत नाही. धवल्याच्या बाबतीत तो प्रसंग अद्याप संपलेला नाही. लग्ने होत आहेत, जागर होत आहेत, आणि जाणत्या स्त्रियांपैकी काहीजणी आपल्यामध्ये आहेत. म्हणून आजच लक्ष घालण्याची निकड आहे.

भाविकांसाठी उपयुक्त सूचना

1. पट्टी निवडताना गीताचा आरंभ म्हणून पाहू नये. त्यातील सर्वांत उंच ओळ आधी गुणगुणून पाहावी. ती सहज निघाली तरच ती पट्टी धरावी. पुरुषांस साधारणतः काळी एकच्या आसपासची व स्त्रियांस काळी चार वा काळी पाचच्या आसपासची पट्टी सोयीची असते. एकत्र भजनात पुढे गाणाऱ्याने आपल्या सोयीपेक्षा मागून म्हणणाऱ्यांची सोय पाहावी.

2. श्वास घेताना खांदे उचलू नयेत. पोट व बरगड्यांचा खालचा भाग फुगला पाहिजे. शब्दाच्या मध्ये श्वास तोडू नये. ओळ मोठी असल्यास साथीदाराने कोठे उचलावे, हे आधी ठरवून घ्यावे.

3. पहिल्या काही ओळी मध्यम स्वरात म्हणाव्यात. घसा तापल्याशिवाय टिपेला जाऊ नये. रात्रभराच्या कार्यक्रमात उंच स्वराची पदे उत्तररात्री ठेवण्याऐवजी मध्यभागी ठेवावीत.

4. गाण्यापूर्वी व मध्यंतरी साधे वा कोमट पाणी घोट-घोट घ्यावे. तंबाखू, धूम्रपान व मद्य यांनी स्वरतंतूंस इजा होते. धूप-उदाच्या दाट धुरालगत बसून गाऊ नये.

5. आवाज बसला असता कुजबुजत बोलत राहू नये, पूर्ण मौन पाळावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांस अवश्य दाखवावे.

6. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्या जागेत ध्वनिक्षेपक व वाद्ये वाजविण्यास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी वर्षातील कमाल 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. निवासी भागातील मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे. रात्री दहानंतर यंत्रणा बंद झाली म्हणजे जागर संपला असे समजू नये. सभामंडपात बसून, शेजाऱ्यांच्या झोपेचा मान राखून, हलक्या आवाजात धवला व ओव्या म्हणता येतात.

7. हळदीच्या दिवशी निदान एक तास यंत्रणा बंद ठेवून तो वेळ धवलारणीस द्यावा. तिच्या शेजारी घरातील एक सून वा मुलगी बसवावी आणि तिने प्रत्येक ओळ मागून म्हणावी. चुकल्यास कोणी हसू नये.

8. घरातील जाणत्या स्त्रीचे गाणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करण्यापूर्वी तिची संमती घ्यावी. विधीची काही गाणी विधीबाहेर म्हणू नयेत, असा तिचा संकेत असल्यास तो पाळावा. मुद्रणात मागून ओळ म्हणणारीचा आवाजही स्पष्ट यावा. त्याविना ते मुद्रण अर्धे होय.

समारोप

भाविकहो, न्यासाच्या कार्यालयात उत्सवकाळात जे अर्ज येतात, त्यांत ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसंबंधीचे अर्ज सर्वांत जास्त असतात. मंडप, रोषणाई, वाहने उभी करण्याची जागा यांसाठीही अर्ज येतात. वडीलधाऱ्या गाणाऱ्या स्त्रियांस शांत जागा मिळावी, म्हणून आलेला अर्ज आमच्या नोंदवहीत नाही. तशा अर्जाची आवश्यकताही नाही. सभामंडपाच्या उजव्या अंगास, जेथे वारा लागत नाही व धूरही येत नाही, तेथे नवरात्रातील नऊही रात्री सतरंजी अंथरलेली असते. जाणत्या स्त्रियांनी तेथे अवश्य बसावे. त्यांच्या शेजारी बसून मागून ओळ उचलण्यास ज्या कोणी मुली व सुना येतील, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्यात येईल.